विल्बर राइट आणि मंदावणारे एंजिन

विमानविद्येचा आद्य आचार्य विल्बर राइट हा १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना प्रांती जन्मला. हॉकीच्या खेळात तोंडास जबर इजा होऊन त्याचे उच्च शिक्षण अंतरले. तथापि क्षयाने पीडित मातेची शुश्रूषा करीत त्याने घरच्या ग्रंथसंग्रहाचे परिशीलन केले. पुढे धाकटा बंधू ऑर्व्हिल ह्याच्यासह त्याने डेटन येथे सायकलींचे दुकान घातले.

१९०३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या विमानाच्या एंजिनाचे कवच परीक्षेतच फुटले. ते पुन्हा ओतविले. नवे एंजिन आरंभी १६ अश्वशक्ती देई, परंतु एकदोन मिनिटांत मंदावून १२ वर येई. तप्त यंत्रात शिरणारी हवा विरळ होऊन इंधनमिश्रण कमी भरते, हे त्याचे कारण. बंधूंनी हिशेब पाहिला: गरज ८ चीच होती! उरल्या शक्तीच्या भरवशावर त्यांनी पंख बळकट केले. १७ डिसेंबर रोजी किटी हॉकनजीक विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट उडाला.

३० मे १९१२ रोजी विषमज्वराने तो निवर्तला. गुण उणे पडताच दैवास बोल लावणाऱ्या बालमित्रांनी व त्यांच्या पालकांनीही उणे का पडले हे आधी शोधावे, इतकेच आम्ही सुचवितो.