पालवणकर बाळू

पुण्याच्या लष्कर भागात इंग्रजांचा एक क्रीडासंघ होता. 1892 च्या सुमारास तेथे सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा चाकरीस लागला. गवत कापावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावासाठी जाळी बांधावी, ही त्याची कामे. वेतन महिना चार रुपये. हाच पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, चांभार समाजातले. त्या काळी या समाजास अस्पृश्य लेखीत. वडील पुण्यास लष्करात नोकरीला होते. साहेबांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर बाळू व त्याचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळू डाव्या हाताने संथ, वळणारे चेंडू टाकी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधीच मैदानावर येई आणि बाळूच्या चेंडूंवर सराव करी. त्यास बाद केले की तो बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. चार रुपयांच्या चाकराला ही रक्कम लहान नव्हती! बॅट मात्र बाळूच्या हाती क्वचितच येई. इंग्लंडात फुटबॉलच्या संघांना 1885 पासून पगारी खेळाडू ठेवता येत. बाळूला पगार मिळे तो मैदान राखण्याचा, खेळण्याचा नव्हे.

पुण्यातील हिंदू संघास इंग्रजांना हरवावयाचे होते. पण बाळूस संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत मोठा वाद माजला. शेवटी त्याला घेतले. मैदानावर सारे जण त्याच्याच हातचा चेंडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र इतर आत बसत आणि बाळूस बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. साताऱ्याच्या इंग्रजांनी तर त्याच्या चेंडूंची धार बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला. तरीही बाळूने सात गडी बाद केले.

पुढे बाळू मुंबईस गेले व तेथील हिंदू संघातून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये या संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. त्यात आठ बळी बाळूंचे होते. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले.

इतके होऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 साली त्यांच्या भावांनी या पक्षपातामुळे संघातून अंग काढून घेतले. तेव्हा कोठे चाळिशी उलटलेल्या बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असता कर्णधार पै मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंचे खेळण्याचे दिवस तोवर संपले होते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.