गणेशवंदनाने गणित मांडणारे भास्कराचार्य

गणरायाला नमन करून कार्याला लागायचे, ही आपली रीत. ‘लीलावती’ या जगप्रसिद्ध गणितग्रंथाचा आरंभही गजाननाच्या वंदनानेच होतो. तिचे कर्ते भास्कराचार्य शके 1036, म्हणजे इ. स. 1114 मध्ये सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलवीड गावी जन्मले. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला.

ग्रहण, सूर्योदय, सावली, साऱ्या हिशेबांना कोनाची ‘ज्या’, म्हणजे आजचा साईन लागतो. ती चुकली की पुढचे सगळेच चुकते. म्हणून आचार्यांनी नुसते कोष्टक दिले नाही. ते घडवायचे कसे, हे ‘ज्योत्पत्ती’ प्रकरणात शिकवले. झटपट कामाला 120 त्रिज्येचे, दहा-दहा अंशांचे लहान कोष्टक. सूक्ष्म कामाला त्रिज्या 3438. एकेका अंशाने पुढे जायचे तर ज्येतून तिचा 6569वा भाग वजा करायचा आणि कोटिज्येची 10 पट 573ने भागून मिळवायची. कोटिज्येलाही असाच नियम. शून्यापासून या तीस पायऱ्या चढल्या, तर 30 अंशांची ज्या 1719 ऐवजी सुमारे 1718.97 येते. चूक अवघी तीन शतांश!

आजचे अनेक कॅल्क्युलेटरही मोजके कोन साठवून, त्यांच्या बेरीज-वजाबाकीतूनच साईन काढतात. पायरीगणिक चूक साचू नये म्हणून पडद्यावर दिसतात त्याहून जास्त अंक आत सांभाळतात. पण यंत्र चुकून रेडियनवर राहिले, तर 30चा साईन अर्ध्याऐवजी उणे 0.988 दिसतो. ज्या म्हणजे काय हे समजलेला विद्यार्थीच तिथे थबकतो.

आचार्यांची मध्यरेषा उज्जैनवरून जाते. आपले पांढुर्णा-सौसर तिच्या पूर्वेला, म्हणून इथला मध्यान्ह 11-12 मिनिटे आधी येतो. गणेशपूजनाचा काळ मध्यान्हाचा. तेव्हा हा फरक आपल्या मखरापर्यंत पोहोचतो.

वयाच्या 69व्या वर्षी, 1183 मध्ये, आचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. पुढे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

ग्रंथ शिकवणारे असतील तोवरच विद्या जिवंत राहते. यंदा आरतीनंतर आपल्या मुलांना एखादी ज्या हाताने काढायला लावू या. विद्येच्या देवतेला तो नैवेद्य नक्कीच आवडेल.