संत गाडगेबाबा : औषधाच्या आधीचं औषध



२० डिसेंबरला आपण शाळेत संत गाडगेबाबांची पुण्यतिथी साजरी करतो. फोटोला हार, परिपाठात माहिती आणि मग मैदानाची सफाई. मुलांना बाबा कोण असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, झाडूवाले बाबा. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. एकदा वर्गात बाबांच्या वडिलांबद्दल वाचत होते, तेव्हा एरवी सतत बोलणारा एक मुलगा एकदम गप्प झाला. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. त्या दिवशी वाटलं की बाबांचं चरित्र झाडूपासून नाही, तर या घरापासून सांगायला हवं.

दारूने मोडलेलं घर

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. समाज परीट. वडील झिंगराजी यांना दारूचं व्यसन लागलं. आधी घरातलं किडूकमिडूक गेलं, मग शरीर गेलं आणि डेबू लहान असतानाच वडील वारले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली.

मामाकडे डेबूने गुरं राखली, शेतात घाम गाळला. शाळा काही नशिबात नव्हती. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. म्हणजे बघा, घरातली दोन माणसं गेली. एक दारूने, दुसरं कर्जाच्या घोराने. यावर कुठल्या वैद्याकडे काढा होता?

डेबूजींनी उत्तर आधी स्वतःच्या घरात शोधलं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची समाजात रीत होती. त्यांनी ती मोडली आणि गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत.

गाव हाच रुग्ण

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि सोबत मातीचं फुटकं गाडगं. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची पद्धत साधी होती. गावात शिरलं की कुणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचं, गटार उपसायचं. काम केल्यावरच भाकरी घ्यायची. दिवसभर हा कोण माणूस म्हणून गाव कुतूहलाने बघायचं आणि रात्री कीर्तनाला गर्दी करायचं. कीर्तनात बाबा उपदेशापेक्षा प्रश्न जास्त विचारायचे आणि उत्तरं लोकांकडूनच काढून घ्यायचे. दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, नवसाला मुकं जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलं शाळेत घाला, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा असायचा.

आज इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यातले डॉक्टर काही रुग्णांना गोळ्यांच्या जोडीने वेगळीच चिठ्ठी देतात. एकट्या पडलेल्या आजीला बागकामाच्या गटाशी जोडून दिलं जातं, कर्जाने झोप उडालेल्याला सल्ला केंद्राकडे पाठवलं जातं. त्यासाठी खास कार्यकर्ते नेमलेले असतात. कारण अनेक दुखण्यांचं मूळ शरीरात नसून घरात, कामात, एकटेपणात असतं. अक्षरओळख नसलेल्या बाबांनी हे आपल्या वडिलांच्या आणि मामाच्या मरणातून ओळखलं होतं. फरक एवढाच की त्यांची चिठ्ठी एका माणसाला नसून सगळ्या गावाला असायची.

आपलं पंढरपूर

सोलापूरकरांना बाबा जवळचे वाटतात ते पंढरपूरमुळे. वारीला ते यायचे, पण त्यांचा वेळ देवळात कमी आणि चंद्रभागेचं वाळवंट झाडण्यात जास्त जायचा. त्या काळी यात्रेत पटकीची साथ पसरायची. घाण पाण्यात मिसळली की माणसं दगावायची. त्यामुळे तिथला खराटा म्हणजे रोगाला आधीच घातलेला बांध होता.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरीत उतरायला जागा मिळत नसे. उघड्यावर झोपणारं माणूस आजारी पडणारच. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या कुटुंबासाठी एक खोलीही ठेवली नाही.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली. खेड्यातून आलेल्या रुग्णाला खाट मिळते, पण सोबतच्या नातेवाइकांनी रात्र कुठे काढायची, स्वयंपाक कुठे करायचा? सोबतचं माणूस टिकलं तरच उपचार पूर्ण होतात. ही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीवर कधी लिहिलेली नसते. बाबांनी ती पाहिली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

वर्गासाठी थोडंसं

पुढच्या पुण्यतिथीला सफाई जरूर करा. पण त्याआधी मुलांना एक प्रश्न द्या : आपल्या गल्लीत कुणाला बरं वाटण्यासाठी औषधाशिवाय आणखी काय लागेल? मी हे करून पाहिलं. कुणी म्हणालं, आजीशी बोलायला कुणीतरी. कुणी म्हणालं, नळाजवळची घाण काढायला हवी. तो गप्प बसणारा मुलगा वही मिटून बसला होता. मधल्या सुट्टीत त्याने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्यात लिहिलं होतं की बाबांची दारू सुटायला हवी.

त्या वहीवर बरोबरची खूण करून भागणार नव्हतं. त्या संध्याकाळी मी आमच्या आशाताईंना फोन केला. पालकहो, शिक्षकहो, गाडगेबाबा शिकवायचे म्हणजे कधीतरी खराटा खाली ठेवून असा एक फोनही करावा लागतो.