एवढासा फ्लोट किती वजन पेलतो? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं पुस्तकच खरवडून टाकलं गेलं होतं

पाऊस जरा ओसरला की अंबरनाथ-बदलापूरकडे उल्हास नदीच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसतात. तंगूसाचा दोरा, टोकाला गळ, गळाच्या थोडं वर शिशाचा तुकडा आणि पाण्यावर डुलणारा एक रंगीत फ्लोट. मासा लागला की फ्लोट खाली जातो.

पण यात एक गोम आहे. शिसं जास्त झालं तर मासा लागायच्या आधीच फ्लोट बुडतो. कमी झालं तर तो आडवा लोळत राहतो आणि मासा आमिष खाऊन गेला तरी कळत नाही. मग बोराएवढा फ्लोट नेमकं किती वजन पेलेल, हे कसं काढायचं?

बरेच जण अंदाजाने शिसं लावतात आणि चुकत चुकत शिकतात. पण हे गणित कागदावर अचूक सुटतं. ते ज्याच्यामुळे सुटतं तो माणूस साधारण २२०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचं नाव आर्किमिडीज.

बंदरातला मुलगा

आर्किमिडीजचा जन्म इ.स.पू. २८७ च्या सुमारास सिराक्यूज इथे झाला. आज इटलीत असलेल्या सिसिली बेटावरचं हे बंदर तेव्हा श्रीमंत ग्रीक नगरराज्य होतं. त्याचे वडील फिडियास खगोलशास्त्रज्ञ होते. आर्किमिडीजने एका ग्रंथात वडिलांचा उल्लेख केला, म्हणून त्यांचं नाव आज माहीत आहे. सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरो याच्याशी आर्किमिडीजचा घरोबा होता. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या विद्वानांना तो आपले शोध पत्राने कळवत असे. पृथ्वीचा घेर मोजणारा एराटोस्थेनिस हा त्यातलाच एक.

त्याला गोल आकारांचं भारी वेड होतं. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या कल्पून त्याने पायची किंमत ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्यामध्ये पकडली. यातली दुसरी संख्या म्हणजे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं २२/७.

दुसरा शोध त्याला स्वतःला सर्वात लाडका होता. एखादा चेंडू बरोबर मावेल असा डबा घेतला, तर चेंडूचं घनफळ डब्याच्या घनफळाच्या दोन तृतीयांश भरतं. आपल्या थडग्यावर चेंडू आणि डब्याची हीच आकृती कोरावी, अशी त्याची इच्छा होती म्हणतात.

न्हाणीघरातली गोष्ट आणि खरं पुस्तक

आर्किमिडीज म्हटलं की बहुतेकांना न्हाणीघरातून तसाच धावत सुटलेला माणूस आठवतो. राजाचा मुकुट शुद्ध सोन्याचा आहे की त्यात चांदीची भेसळ आहे, हे मुकुट न मोडता शोधायचं होतं. टबातलं पाणी सांडताना पाहून त्याला युक्ती सुचली, अशी ती गोष्ट. पण ती लिहिली विट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकाने, आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. त्यामुळे ती खरी की रचलेली, हे सांगणं अवघड आहे.

खरा ऐवज आहे तो त्याच्या तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथात. त्यातला मुख्य नियम साधा आहे. पाण्यातली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने पुढचा प्रश्न घेतला. तरंगणारी वस्तू कलंडली तर पुन्हा सरळ होईल की उलटेल?

आता फ्लोटचं गणित

समजा, २ सेंटीमीटर व्यासाचा गोल फ्लोट आहे आणि त्याचं स्वतःचं वजन १ ग्रॅम आहे.

आधी तो बरोबर मावेल असा डबा मनात आणा. तळाची त्रिज्या १ सेंटीमीटर, उंची २ सेंटीमीटर. २२/७ गुणिले १ गुणिले १ गुणिले २ म्हणजे सुमारे ६.२८ घन सेंटीमीटर. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ४.१९. हे झालं फ्लोटचं घनफळ.

१ घन सेंटीमीटर गोड्या पाण्याचं वजन जवळपास १ ग्रॅम असतं. म्हणजे फ्लोट पूर्ण बुडाला तर पाणी त्याला ४.१९ ग्रॅमच्या जोराने वर ढकलणार. त्यातून फ्लोटचं १ ग्रॅम वजा करा. उरले ३.१९ ग्रॅम. एवढा भार तो पेलू शकतो.

अजून एक गंमत आहे. शिसंही पाण्यातच लटकलेलं असतं, त्यामुळे पाणी त्यालाही थोडं उचलतं. शिसं पाण्यापेक्षा ११ पटींहून थोडं जास्त जड असल्याने पाण्यात त्याचं वजन सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरतं. म्हणून तराजूवर ३.५ ग्रॅम भरणारं शिसं लावलं, तर फ्लोट अगदी बुडण्याच्या बेतात येतो. त्याचा शेंडा पाण्याबाहेर दिसायला हवा असेल, तर ३ ग्रॅमच्या आसपास थांबायचं. गळ आणि आमिषाचं वजनही त्यातच धरायचं. समुद्राचं पाणी जरा जड असल्याने तिथे हाच फ्लोट थोडं जास्त पेलतो.

या एवढ्याशा गणितात आर्किमिडीजचे तीन शोध लागले. पायची किंमत, चेंडूचं घनफळ आणि पाण्याचा जोर.

शहर पडलं, माणूस गेला

इ.स.पू. २१३ च्या सुमारास रोमन सेनापती मार्सेलसने सिराक्यूजला वेढा घातला. सत्तरी ओलांडलेल्या आर्किमिडीजने शहरासाठी यंत्रं उभारली. रोमन जहाजांवर अवजड दगड फेकणारी यंत्रं आणि जहाजाचं नाक पकडून उचलणारे पंजे यांची वर्णनं प्राचीन इतिहासकारांनी केली आहेत. जहाज कसं तरंगतं हे ज्याला ठाऊक, त्याला ते कसं उलटवावं हेही कळणारच!

शहर मोठा काळ टिकलं, पण इ.स.पू. २१२ मध्ये पडलं. त्या धामधुमीत एका रोमन सैनिकाने आर्किमिडीजला ठार मारलं. त्याला जिवंत ठेवावं असं मार्सेलसच्या मनात होतं आणि त्याच्या मृत्यूचं त्याला दुःख झालं, असं सांगतात. पुढे इ.स.पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून आलेल्या रोमन वक्त्या सिसेरोने त्याचं थडगं शोधून काढलं. काटेरी झुडपांत हरवलेल्या त्या दगडावर चेंडू आणि डब्याची आकृती होती. गावाला मात्र त्याचा विसर पडला होता.

पुस्तकाचा पुनर्जन्म

पुस्तकाचंही जवळपास तेच झालं. इसवी सनाच्या दहाव्या शतकात कुणीतरी त्याच्या ग्रंथांची चामड्याच्या पानांवर नक्कल केली. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं ते १०६० मध्ये, म्हणजे ही पोथी त्या मंदिराहूनही जुनी. पण १२२९ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या ६१ वर्षं आधी, त्या पानांवरची शाई खरवडली गेली, पानं कापली गेली आणि त्यावर ख्रिस्ती प्रार्थना लिहिल्या गेल्या. चामडं महाग होतं आणि त्यावरचं गणित कुणाला नको होतं.

१९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी आजच्या इस्तंबूलमध्ये ही पोथी तपासली. प्रार्थनांच्या ओळींखाली त्यांना आर्किमिडीजची पुसट अक्षरं दिसली. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा ग्रंथ तोवर मुख्यतः १२६९ सालच्या लॅटिन अनुवादातून माहीत होता. मूळ ग्रीक मजकूर सापडला तो याच पोथीत. नंतर ती पुन्हा गायब झाली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती २० लाख डॉलरला विकली गेली आणि शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने तिची पानं वाचली.

वांगणीजवळची ती सकाळ

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली आणि त्यात रबरी बोटी वापरल्या गेल्या. अशा बोटीत एका वेळी किती माणसं बसवायची, हा प्रश्न तेव्हा जिवाचा असतो. एक घनमीटर पाणी बाजूला सारणाऱ्या बोटीला पाणी १००० किलोच्या जोराने उचलतं. त्यातून बोटीचं आणि इंजिनाचं वजन जातं, उरतो तो माणसांचा वाटा. शिवाय ती कलंडू नये म्हणून काठ पाण्याच्या बराच वर ठेवावा लागतो.

गणित तेच, फक्त ग्रॅमच्या जागी किलो आले. पुढच्या वेळी नदीकाठी फ्लोट डुलताना दिसला, तर ते लक्षात असू द्या.