लशीची पहिली सुई स्वतःलाच टोचून घेणारे हाफकिन

पिंपरी - मोटारी, सुटे भाग आणि यंत्रांची नगरी म्हणून पिंपरी-चिंचवडची ख्याती आहे. चाकणपर्यंत पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यात घोडे पाळणाराही एक प्रकल्प आहे, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचा पिंपरी येथील विभाग घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष आणि अन्य रक्तजले तयार करण्यासाठी ओळखला जातो. प्रवेशद्वारावरील हाफकिन हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या नावामागील माणसाची कहाणी फारशी सांगितली जात नाही.

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात, हे दाखवणारे आणि पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले मेचनिकोव्ह ते हेच. विद्यार्थिदशेत झारशाहीविरोधी चळवळीत भाग घेतल्याने हाफकिन यांना तुरुंगवास घडला. ज्यू असल्याने प्राध्यापकपदाची दारे बंद होती. अखेर १८८८ मध्ये ते मायदेश सोडून जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यातूनच पटकीवरील लस आकाराला आली. १८ जुलै १८९२ रोजी तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला.

भारतात आगमन

भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनामुळे हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. उत्तर भारत, कलकत्त्याच्या वस्त्या, आसामचे चहामळे असा त्यांचा संचार झाला. पहिल्या अडीच वर्षांच्या आत सुमारे बेचाळीस हजार लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, त्यात रशियातून आलेले; त्यामुळे सरकारी डॉक्टरांच्या एका गटाला ते कधीच आपले वाटले नाहीत. त्यांची कार्यपद्धती मात्र काटेकोर होती. एकाच वस्तीत राहणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी लस घेतलेले किती आजारी पडले आणि न घेतलेले किती, याची ते नोंद ठेवत. आज नव्या औषधाच्या चाचणीत हीच तुलना अनिवार्य मानली जाते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ७ ऑक्टोबरला हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच त्यांचा सरंजाम होता. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांपासून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले. अशा रीतीने वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस तयार झाली. प्रथम ती सशांना देण्यात आली. पुढे त्या सशांच्या शरीरात प्लेगचे जिवंत जंतू सोडले, तरी ते तगले.

ससा, घोडा आणि माणूस

सशाच्या शरीरात नेमके काय घडले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. परका पदार्थ रक्तात शिरला, की शरीर त्याला ओळखणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. एकाच जंतूच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी निरनिराळी प्रतिपिंडे एकाच वेळी निर्माण होतात. अशा मिश्र समूहाला पॉलिक्लोनल म्हटले जाते. पॅरिसमध्ये १८९५ मध्ये येरसँ, काल्मेत आणि बोरेल यांनी प्लेगचे जंतू टोचलेल्या सशांचे रक्तजल उंदरांना देऊन त्यांचे रक्षण करून दाखवले होते. त्यानंतर रक्तजलासाठी घोडे वापरले गेले. ते रक्तजल घेऊन येरसँ मार्च १८९७ मध्ये मुंबईत आले. पण त्याचा गुण अपेक्षेप्रमाणे आला नाही.

दोन्ही मार्गांतील भेद समजून घेण्याजोगा आहे. लस माणसाच्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला लावते. त्यासाठी वेळ लागतो, पण संरक्षण टिकते. रक्तजलातून दुसऱ्या प्राण्याने तयार केलेली प्रतिपिंडे आयती मिळतात. ती तत्काळ काम करतात आणि काही काळाने नाहीशी होतात. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावलेल्या शेतकऱ्याजवळ थांबायला वेळ नसतो, म्हणून त्याला घोड्याची प्रतिपिंडे द्यावी लागतात. संशोधनशाळेतही हेच तत्त्व राबते. माणसाच्या पेशीतील फॉस्फटेजसारखे एखादे प्रथिन हुडकायचे असल्यास त्याचा अंश सशाला टोचतात आणि सशाच्या रक्तातील पॉलिक्लोनल प्रतिपिंडे त्या प्रथिनाचा ठावठिकाणा दाखवतात. हाफकिन यांच्या काळी प्रतिपिंडे डोळ्यांना दिसण्याचे साधन नव्हते. ससा जगला की मेला, हाच पुरावा होता.

सशानंतर पाळी माणसाची होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. पुढे सर्वसामान्यांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या तिपटीहून ही मात्रा अधिक होती. ताप चढला, वेदना झाल्या. पण ते सुखरूप राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि तिचा उपयोग स्पष्ट झाला.

तोवर प्लेग पुण्यात पोचला होता. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. घरांच्या झडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणाने जनता संतप्त झाली. २२ जून रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. सरकारी सक्तीविषयी असा रोष धुमसत असताना सरकारच्याच आश्रयाने तयार होणारी लस लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले.

एका चिमट्याची किंमत

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लशीत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली होती. चौकशी आयोगाने तिच्यावरच ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि ते लंडनला गेले.

वस्तुस्थिती वेगळीच होती. बाटली उघडताना गावातील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. बिघाड प्रयोगशाळेत झाला असता, तर ती आली असती. हे सारे पुरावे कागदोपत्री असूनही पाच वर्षे कोणी दखल घेतली नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षअखेर सरकारने त्यांना पुन्हा सेवेत बोलावले. परंतु मुंबईतील जागा भरली गेली होती. स्वतः उभारलेली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात मर्यादित अधिकारांवर काम करून पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. अविवाहित हाफकिन यांनी अखेरची वर्षे धर्मचिंतनात व्यतीत केली आणि आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

परळच्या संस्थेचे औषधनिर्मितीचे काम १९७० च्या दशकात महामंडळाकडे आले आणि हाफकिन यांचे नाव त्या महामंडळालाही लाभले. त्याच नावाची मोहोर उमटलेली प्रतिविषाची कुपी पिंपरीतून एखाद्या दूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचते. तिथे ती उघडणारा हात किती स्वच्छ आहे, यावर मलकोवालप्रमाणे आजही रुग्णाचा जीव आणि औषध करणाऱ्याची अब्रू अवलंबून असते.