शॅनन यांची सीमारेषा

तारेत गोंगाट असला की संदेशात चुका राहणारच, अशी अभियंत्यांची पक्की समजूत होती. चुका टाळायच्या तर वेग कमी करा, नाहीतर शक्ती वाढवा! १९४८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या ३२ वर्षांच्या क्लॉड शॅनन यांनी ही समजूत मोडीत काढली. प्रत्येक वाहिनीची माहिती वाहण्याची क्षमता ठरलेली असते. तिच्या आत राहिल्यास योग्य संकेतनाने चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. ते संकेतन रचायचे कसे, हे मात्र सांगितले नाही.

मिशिगनमध्ये वाढलेला हा गणिती तसा खेळकर. एकचाकी सायकल चालवावी, चेंडू झेलावेत, चक्रव्यूहातून वाट काढणारा यांत्रिक उंदीर बनवावा, असे त्यांचे छंद.

१९५६ पासून ते एमआयटीत होते. तेथेच १९६० मध्ये रॉबर्ट गॅलेगर यांनी पुनःपुन्हा अंदाज सुधारत नेणारी उकल मांडली. पण तेव्हाच्या संगणकांना ती पेलणारी नव्हती. ती तीन दशके जवळपास विस्मरणात गेली.

१९९३ मध्ये जिनिव्हा येथे क्लॉड बेरू आणि सहकाऱ्यांनी दोन उकलयंत्रे जोडून दाखविली. एकाचा अंदाज दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला. प्रत्येक फेरीत खात्री वाढत जाई. शॅनन यांची सीमारेषा जेमतेम अर्ध्या डेसिबलवर आली. १९९५ मध्ये प्रतिध्वनींमुळे एकमेकांत मिसळलेले संकेत सोडविण्यासाठीही हीच युक्ती वापरली गेली.

त्या सुमारास शॅनन यांना अल्झायमरने ग्रासले होते. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले.