कर्मवीर भाऊराव पाटील : पंगतीतील धर्मशिक्षण

समाजभूषण कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही आपल्याच समाजाच्या संस्थेतील घटना. ती झाकण्याचे कारण नाही.

पाटणशेजारच्या कराड तालुक्यातील काले येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवीत. सौ. लक्ष्मीबाई कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या. तरीही या मुलांसाठी त्यांनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. धर्म शिकविणे याहून वेगळे काय असते?

पुढे 1950 च्या राज्यघटनेने पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षण वर्ज्य केले. अनुदानित शाळांत त्याची सक्ती निषिद्ध ठरविली. रयतेच्या शाळांना यामुळे काही बदलावे लागले असेल, असे वाटत नाही. विशिष्ट धर्माची शिकवण हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. 1954 मध्ये कराडला महाविद्यालय निघाले, तेव्हा या जैन शिक्षणमहर्षींनी त्याला नाव दिले ते परीट कुळात जन्मलेल्या सद्गुरू गाडगे महाराजांचे. 9 मे 1959 रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले.